ठेक्याचा ठराव येतोय: संप, कोर्ट आणि चौकीबाहेर बसलेली साठ मुलं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एका नगरपरिषदेत सफाई आणि पाणीपुरवठ्याचं काम बाह्ययंत्रणेकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, द्यायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. बारा वर्षांत भरती झालेली नाही, निवृत्त झालेल्यांच्या जागा तशाच रिकाम्या आहेत आणि ठेकेदाराने लावलेली साठेक मुलं आजच कामावर आहेत. युनियनमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो लगेच संप पुकारा, दुसरा म्हणतो कोर्टात जा. ठेक्यावरच्या मुलांना सभासद करून घ्यायला मात्र जुन्या कामगारांचा विरोध आहे. काय करावं?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. त्या साठ मुलांना आधी सभासद करून घ्या. संप की कोर्ट, हे त्यानंतर बघू.

हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतोय. मी एका महापालिकेच्या घनकचरा खात्यात कामाला लागलो आणि पुढे सव्वीस वर्षं युनियनचं काम केलं. ठेक्याची पहिली गाडी आमच्या चौकीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी, आली, तेव्हा आम्ही त्या पोरांना आत डबासुद्धा ठेवू दिला नाही. हातपाय धुवायला ती मागच्या नळावर जायची. यांना जवळ केलं तर ठेका मान्य केल्यासारखं होईल, असा आमचा समज. दोन वर्षांनी आम्ही संपावर गेलो. तिसऱ्या दिवसापासून मुख्य रस्त्यांवरचा कचरा उचलला जाऊ लागला आणि तो उचलत होती तीच पोरं. पाचव्या दिवशी आम्ही काहीही पदरात न पडता हजर झालो. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, "दादा, तुम्ही आम्हाला थांबायला सांगितलंच नव्हतं." मला उत्तर देता आलं नाही. त्याची दिवसाची मजुरी किती, हेसुद्धा मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

तुमच्या जुन्या सभासदांची भीती मी समजू शकतो. सफाई कामगारांच्या घरात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणारी वारसा हक्काची नोकरी हा मोठा आधार असतो. ठेक्यावरची मुलं पक्की झाली तर आपल्या पोराची जागा जाईल, असं त्यांना वाटतं. त्यांना समोर बसवून सांगा, की वारसाला नेमायला मंजूर पद लागतं. पदच राहिलं नाही तर वारसा हक्क कशावर लावणार? ठेकेदाराच्या गाडीवर लाड-पागे लागू होत नाही. पद वाचवायचं असेल तर आज त्या पदाचं काम जो करतोय तो आपल्या बाजूला लागतो.

आता मुंबईचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण या विषयात त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघ ही संघटना मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या ठेक्यावरच्या कचरा कामगारांमध्ये उभी केली. हे कामगार बहुतेक दलित आणि स्थलांतरित. महापालिकेच्या कागदावर ते कामगारच नव्हते. काम संस्थांच्या नावाने दिलेलं, माणसाला म्हणायचं "स्वयंसेवक" आणि मजुरीला म्हणायचं "मानधन". १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्या वेळी वीस माणसांपासून लागू होत असे, म्हणून एकेका ठेक्यात विसाच्या आत माणसं दाखवायची. संघाने या रचनेलाच हात घातला. हुकूम कोण देतं, हजेरी कोण बघतं, गाडी कोणाची, ठेकेदार बदलला तरी गाडीवर माणसं तीच राहतात का, या प्रश्नांची उत्तरं वर्षानुवर्षं गोळा केली. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये ठेका हा निव्वळ देखावा असल्याचं ठरवून २,७०० कामगारांना कायम करायला सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

या लढ्यातून दोन गोष्टी उचला. पहिली म्हणजे, तो जिंकला तो पुराव्यावर आणि चिकाटीवर. घोषणा होत्या, मोर्चे होते, पण न्यायाधिकरणासमोर उभा राहिला तो कागद आणि कामगाराची साक्ष. दुसरी गोष्ट मला अजून बोचते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही कितीतरी कामगारांच्या नेमणुका नावाच्या स्पेलिंगवरून अडल्या. यादीत एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. वीस वर्षं लढून मिळालेला हक्क एका अक्षरासाठी थांबला. म्हणून तुमच्या साठ मुलांची नावं, जन्मतारखा, आधार, बँक पासबुक आणि पीएफचा यूएएन आजच एका तक्त्यात जुळवून घ्या. फरक असेल तिथे दुरुस्ती आताच करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते कोणीतरी रोज संध्याकाळी बसून केलंच पाहिजे.

पुरावा म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ठेका पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. त्याआधी १९९६ च्या एअर इंडिया निकालाने ती वाट मोकळी केली होती, ती बंद झाली. एक दार मात्र उघडं राहिलं. ठेका खोटा आहे, खरा मालक ती संस्थाच आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करता येतं. त्याच वर्षीच्या, सिप्ला या औषध कंपनीच्या खटल्यातल्या निकालामुळे, मालक कोण हेच वादात असेल तर १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली थेट तक्रार टिकत नाही. आधी नातं सिद्ध करावं लागतं. वकील घाईने चुकीच्या दारात नेतात आणि चार वर्षं जातात, हे मी पाहिलंय. रोजंदारीवर थेट नगरपरिषदेच्या मस्टरवर असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी तोच १९७१ चा कायदा उपयोगी पडतो. एसटीच्या कास्ट्राइब संघटनेच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तात्पुरत्या कामगारांना कायम करण्यावर मर्यादा घालणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालामुळे औद्योगिक न्यायालयाचे हे अधिकार संपत नाहीत. म्हणून तुमच्याकडे थेट रोजंदार किती आणि ठेकेदारामार्फत किती, याच्या दोन याद्या वेगळ्या करा. एकाच अर्जात दोघांना कोंबू नका.

तर पुरावा. वॉर्डाचं हजेरीपत्रक, ज्यावर मुकादमाची किंवा स्वच्छता निरीक्षकाची सही आहे. व्हॉट्सअॅपवर आलेले कामाचे आदेश, "उद्या आठवडी बाजाराजवळ चार जण पाठव" अशा साध्या मेसेजपर्यंत. झाडू, हातगाडी, गमबूट, व्हॉल्व्हची चावी नगरपरिषदेच्या भांडारातून दिल्याची नोंद. सुट्टी मागितली ती कोणाकडे? ठेकेदार बदलल्यानंतर जुन्या आणि नव्या पीएफ पासबुकात तेच नाव. पाणीपुरवठ्यात तर व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला अख्ख्या गावाची पाइपलाइन पाठ असते. नकाशावर नसलेल्या जोडण्या त्याच्या डोक्यात असतात. ठेकेदार बदलतो आणि तो माणूस तिथेच राहतो, कारण त्याच्याशिवाय पाणी सुटत नाही. हे साक्षीत आणा. निविदेची प्रत, करारनामा आणि बिलं माहिती अधिकारात मागवा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. ठराव पुढच्या महिन्यात असेल तर अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.

आता नवी परिस्थिती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्यात आणि जुन्या कायद्याची कलमं तोंडपाठ असलेल्या आमच्यासारख्यांना पुन्हा वाचायला बसावं लागलंय. ठेका कामगारांच्या तरतुदी आता पन्नास माणसांपासून लागतात. तुमच्याकडे साठ आहेत, म्हणजे तीस-तीसचे दोन ठेके करण्याचा मोह होणार. पण संहितेत अख्ख्या आस्थापनेतल्या ठेका कामगारांची संख्याही मोजली जाते. तेव्हा सफाई, पाणी, दिवाबत्ती, उद्यान, कार्यालयातले संगणक चालक, सगळ्या ठेक्यांवरच्या माणसांची बेरीज करून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं आहे ते मुख्य कामाचं कलम. आस्थापनेच्या मुख्य कामात ठेका कामगार लावायला संहिता मनाई करते, पण सफाईसारखी कामं मुख्य धरत नाही. त्यात एक अट आहे. ती आस्थापना त्याच कामासाठी उभी केलेली नसेल, तरच ही सूट. नगरपरिषद कशासाठी असते? १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातच सार्वजनिक सफाई आणि पाणीपुरवठा ही कर्तव्यं सांगितली आहेत. कारखान्याच्या दृष्टीने झाडलोट दुय्यम असेल, नगरपरिषदेच्या दृष्टीने ते मूळ काम आहे. हा युक्तिवाद तुमच्या लेखी हरकतीत पहिल्या पानावर यायला हवा. त्याच कलमात एक अपवादही आहे. एखादं काम तिथे नेहमी ठेकेदारामार्फतच होत असेल, तर मनाई लागू होत नाही. म्हणजे ठेका जितकी वर्षं विनाहरकत चालेल तितका त्यांचा बचाव पक्का होत जाणार. गप्प बसण्याची किंमत इतकी सरळ पूर्वी कधी नव्हती. ठराव मंजूर होणार हे दिसत असलं तरी हरकत द्याच, आवक क्रमांक घ्या आणि ती जपून ठेवा.

कोर्टाविषयी हल्लीच्या दोन निकालांनी मला बरं वाटलं. डिसेंबर २०२४ मधल्या जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातल्या वर्षानुवर्षं राबलेल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना नियमित करायला सांगितलं, आणि उमादेवी निकालाचा ढालीसारखा वापर करणाऱ्या सरकारी संस्थांना फटकारलं. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांना न्याय मिळाला. त्यांचा वाद समेटासाठी प्रलंबित असताना पालिकेने त्यांना कामावरून काढलं होतं, आणि तेच पालिकेच्या अंगाशी आलं. यातून घ्यायचं ते हे, की वाद आधी दाखल झालेला असला तर त्या काळात मनमानी बदल करणं मालकाला जड जातं. ठराव होण्याआधी सहायक कामगार आयुक्तांकडे मागणीपत्र आणि वाद नोंदवलेला असू द्या.

सेवाशर्तीत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, हा जुना नियम नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे आणि खात्यातल्या माणसांची संख्या कमी करणं त्यात येतं. प्रशासन म्हणेल, "आम्ही कोणाला काढत नाही, फक्त काम देतोय." म्हणून तुम्ही आकडे समोर ठेवायचे.

आणि इथे मी प्रश्नातल्या एका वाक्याकडे वळतो: बारा वर्षांत भरती झाली नाही. नोकरकपात आपल्याकडे कामावरून काढून क्वचितच होते. ती होते आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात. माणूस निवृत्त होतो, जागा रिक्त राहते, काही वर्षांनी सुधारित आकृतिबंधात ती "व्यपगत", म्हणजे रद्द, होते किंवा त्या प्रकारच्या पदांचा अख्खा संवर्ग "मृत संवर्ग" म्हणून जाहीर होतो आणि तिथे पुन्हा भरती होत नाही. निवृत्तीच्या दिवशी आपण हार घालतो, फोटो काढतो, आणि त्याच संध्याकाळी एक पद हातून गेलेलं असतं. आमच्या युनियनमध्ये मी उशिरा एक पद्धत पाडली. प्रत्येक निरोप समारंभाच्या दिवशी ते पद भरण्याचं मागणीपत्र त्याच अधिकाऱ्याच्या हातात द्यायचं, ज्याच्या हस्ते सत्कार आहे. सुरुवातीला लोकांना ते बरं वाटलं नाही. पण तीन-चार वर्षांत आमच्याकडे अशा पत्रांची फाइल झाली आणि आकृतिबंधाच्या बैठकीत ती कामी आली. तुम्ही मागे जाऊन मंजूर पदं, भरलेली पदं आणि रिक्त पदं यांचा वर्षवार तक्ता बनवा. सोबत बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंदवही, मागा. ठेक्यात आरक्षण नसतं. रिक्त जागांपैकी किती अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या होत्या हे बाहेर आलं, की सभेत बसलेल्या नगरसेवकांना हात वर करताना विचार करावा लागतो.

नगरसेवकांसाठी आणखी एक कागद तयार करा, खर्चाचा. ठेका स्वस्त पडतो असं सगळे धरून चालतात, पण बेरीज कोणी करत नाही. ठेक्याच्या दरात किमान वेतन आणि विशेष भत्ता, मालकाचा पीएफचा १३ टक्के वाटा, ईएसआयचा (कामगार विम्याचा) ३.२५ टक्के, ठेकेदाराची टक्केवारी आणि लागू असेल तिथे १८ टक्के जीएसटी हे सगळं येतं. कागदावर दाखवलेलं हे वेतन आणि मुलाच्या खात्यात जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी मांडा. मधली रक्कम कुठे गेली, हा प्रश्न गावातल्या करदात्यालाही पडायला हवा. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालक म्हणून नगरपरिषदेवर येते, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा.

संपाबद्दल आता बोलतो. मी संपाच्या विरुद्ध नाही. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला, त्या आठवणींवर आमची पिढी वाढली. पण अलीकडचे दोन संप शेजारी ठेवून बघा. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांच्या तीसेक संघटना एकत्र आल्या. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागात अदानींच्या कंपनीने समांतर वितरण परवाना मागितला होता, त्याला विरोध. मागणी एक, मुदत ७२ तास, आणि ठेक्यावरचे कामगार सोबत. सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालणारा कायदा, लावला होता, तरीही ४ जानेवारीलाच देवेंद्र फडणवीसांना बैठक घ्यावी लागली. खासगीकरण करणार नाही, असं सांगावं लागलं आणि त्याच दिवशी संप मागे घेतला गेला. दुसरीकडे एसटीचा संप. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत कामगारांनी सोसलं ते शब्दांत मावणार नाही. शासनात विलीनीकरण ही मागणी मनाला भिडणारी होती, पण मधल्या कुठल्या टप्प्यावर थांबायचं हे ठरवायची जागाच राहिली नाही. कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली. विलीनीकरण झालं नाही, आणि त्याच काळात ठेक्याचे चालक बसवर आले.

संहितेनुसार आता कुठल्याही आस्थापनेत संपासाठी १४ दिवसांची आगाऊ नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एका दिवशी सामुदायिक रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. समेटाची कार्यवाही चालू असताना संप बेकायदा ठरतो. म्हणजे वाद दाखल करणं आणि संपाची तारीख, यांचा क्रम डोकं शांत ठेवून लावावा लागेल. त्याआधी मतदान घ्या. गुप्त मतदान, ठेक्यावरच्या मुलांसह. २०२५ मध्ये कचरा उचलण्या-वाहण्याच्या निविदेविरुद्ध मुंबई महापालिकेतल्या संघटनांनी झेंडे बाजूला ठेवून एकत्र संघर्ष समिती केली, कामगारांचं मतदान घेतलं आणि त्या बळावर प्रशासनाला वाटाघाटीला बसवलं. तुमच्या गावात दोन युनियन असतील तर दुसऱ्या युनियनच्या अध्यक्षाच्या घरी तुम्ही स्वतः जा.

बाहेरचे मित्रही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला होता. तेव्हा सर्वांत आधी रस्त्यावर आली ती स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं. कर्मचारी संघटनांनीही आवाज उठवला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. तुमच्या तालुक्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलांसाठी नगरपरिषदेतली रिक्त जागा म्हणजे त्यांची हुकलेली जाहिरात आहे. त्यांच्याकडे जा, तो वर्षवार तक्ता दाखवा.

वाटाघाटीपर्यंत पोचलात तर करारातला एकेक शब्द तपासा. बेस्टचं उदाहरण मला फार लागतं. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवसांचा संप झाला, त्याच वर्षी भाडेतत्त्वावरच्या बस आणण्याला संमती देणारा करार झाला. बेस्टचा स्वतःचा ताफा ३,३३७ बसचा राखायचा, असं त्यात होतं. जुन्या बस भंगारात जात राहिल्या, नव्या पुरेशा आल्या नाहीत, आणि स्वतःच्या बसची संख्या हजाराच्याही खाली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसचे चालक पगारासाठी स्वतःच काम बंद करून बसले. आकडा करारात होता, पण कोणत्या वर्षी किती बस घ्यायच्या, पैसे कुठल्या शीर्षाखाली आणि तसं झालं नाही तर भाड्याच्या बस थांबतील का, याची घट्ट बांधणी हवी होती. तुमच्या करारात "रिक्त पदे भरण्यात येतील" एवढ्यावर सही करू नका. किती पदं, कोणत्या संवर्गात, कोणत्या तारखेपर्यंत जाहिरात, आणि तोवर नवा ठेका निघणार नाही, हे लिहून घ्या. सध्याच्या साठ जणांना ठेकेदार बदलला तरी कामावर ठेवलं जाईल, हे वेगळं कलम करा. पक्क्या कामगारांसाठी एखादा भत्ता देऊन हे कलम सोडून द्या, असा प्रस्ताव शेवटच्या तासाला हमखास येतो. मला तो दोनदा आला होता. पहिल्यांदा मी मान तुकवली.

तर येत्या रविवारी सकाळची पाळी सुटल्यावर त्या साठही जणांना युनियनच्या खोलीवर बोलवा. महिलांना वेगळा निरोप द्या, नाहीतर त्या येत नाहीत, आणि सर्वांत कमी पगार त्यांचाच निघतो. प्रत्येकाला बँक पासबुक, आधार आणि पीएफचा नंबर आणायला सांगा. भाषण ठेवू नका. दोन टेबलं मांडा, तुमच्यातले चार जुने सभासद लिहायला बसवा, आणि त्या चारांत सर्वांत जास्त विरोध करणारे दोघं असतील असं बघा.